फशोडा, शरणपूर आणि आपले आडनाव

आमच्या महाविद्यालयात मी आधुनिक जगाचा इतिहास शिकवतो. त्यात 'फशोडा प्रकरण' नावाचे एक टिपण दरवर्षी द्यावे लागते. जुलै १८९८ मध्ये मार्शां नावाचा फ्रेंच अधिकारी आफ्रिका ओलांडून श्वेत नाईलच्या काठी फशोडा येथे पोहोचला आणि त्याने तेथे फ्रान्सचा झेंडा रोवला. सप्टेंबरात किचनेर इंग्रज-इजिप्शियन फौज घेऊन तेथे दाखल झाला. इंग्लंड आणि फ्रान्स युद्धाच्या उंबरठ्यावर आले आणि अखेर फ्रान्सने माघार घेतली. एवढे लिहिले की विद्यार्थ्याला पाच गुण मिळतात.

गेल्या वर्षी हे टिपण सांगत असता दिंडोरीकडून एस.टी.ने येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पन तिथं राहत कोन व्हतं?"

वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही, कारण मला उत्तर ठाऊक नव्हते. मी स्वतः हे टिपण पाठ करून परीक्षा दिली, नंतर नोकरीला लागलो आणि आठ वर्षे तेच टिपण सांगत आलो. त्या गावात ना इंग्रज राहत होते ना फ्रेंच, हे उघड असूनही तेथे कोण राहत होते हे विचारण्याची बुद्धी मला झाली नव्हती. "उद्या सांगतो," असे म्हणून मी तास संपवला. त्या 'उद्या'ला तीन महिने लागले. ते उत्तर शोधता शोधता मी पुन्हा नाशिकलाच येऊन पोहोचलो. ती हकीकत येथे मांडावयाची आहे.

फशोडा हा शिलुक लोकांचा मुलूख. नाईलच्या पश्चिम काठाने त्यांची गावे वसलेली आहेत. गुरे, ज्वारी आणि मासेमारी हा त्यांचा जीवनक्रम. त्यांच्या राजाला 'रेथ' म्हणतात. न्यिकांग हा त्यांचा मूळपुरुष, आणि प्रत्येक रेथच्या ठायी तो वास करतो अशी त्यांची श्रद्धा आहे. मार्शांने याच राजाशी करार केला होता. म्हणजे या जमिनीला धनी आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. ते फक्त आमच्या टिपणाला ठाऊक नव्हते. पुढे इंग्रज-फ्रेंच मैत्री जुळली, तेव्हा जुन्या भांडणाची आठवण नको म्हणून १९०४ मध्ये इंग्रजांनी त्या ठाण्याचे सरकारी नाव बदलून कोडोक केले. फ्रेंचांचे मन राखण्यासाठी शिलुकांच्या मुलखातले नाव बदलले गेले! शिलुकांच्या तोंडी मात्र त्यांची राजधानी 'पाचोडो'च राहिली.

'शिलुक' हे नावही त्यांचे स्वतःचे नव्हे, ते अरबांच्या तोंडचे आहे. ते स्वतःला 'चोल्लो' म्हणवतात आणि आपल्या भाषेला 'धोक चोल्लो' म्हणतात. धोक म्हणजे तोंड. भाषा म्हणजे चोल्लोंचे तोंड! ही भाषा परक्या कानाला सहजासहजी सापडत नाही. तिच्यातले बहुतेक धातू एकाच अक्षराचे असतात आणि त्या एका अक्षरातला स्वर किती लांबवला, आवाज चढा लावला की उतरता, यावर अर्थ बदलतो. आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोनच भेद आहेत, तर चोल्लोंच्या भाषेत स्वराच्या लांबीचे तीन टप्पे भाषाशास्त्रज्ञांनी नोंदवले आहेत. दीट्रिख वेस्टरमान या जर्मन पंडिताने १९१२ मध्ये या लोकांवर आणि त्यांच्या भाषेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तरी त्यानंतर शंभर वर्षांनीही अभ्यासक या भाषेचे नवे नियम उकलीत आहेत. तोंडात जे आहे ते कागदावर यायला शंभर वर्षे पुरत नाहीत, हे आपण ध्यानात घ्यावयास हवे. कागदावर जे नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणाऱ्या विद्वत्तेला हे उत्तर आहे.

या लोकांचे भोग थोडे नाहीत. १८६० च्या दशकात खार्टुमकडच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या गावांवर धाडी घातल्या, आणि पाठोपाठ इजिप्तच्या सरकारचे ठाणे त्यांच्या उरावर बसले. २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३ मध्ये तेथे यादवी पेटली आणि मलाकालच्या असंख्य चोल्लोंना संयुक्त राष्ट्रांच्या छावणीत आसरा घ्यावा लागला. पण या सर्वांतून त्यांचे स्वतःचे नाव आणि त्यांची भाषा टिकली, कारण त्यांच्यापैकी पुष्कळजण एकत्र राहिले आणि पायाखाली आपली जमीन धरून राहिले.

मग माझ्या मनात प्रश्न आला, ज्यांना लहानपणीच उचलून नेले, विकले, समुद्रापार टाकले, त्यांच्या तोंडाचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला आफ्रिकेत जावे लागले नाही. ज्या शरणपूर रस्त्यावरून मी रोज महाविद्यालयात जातो, त्या रस्त्याच्या नावातच ते होते.

चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशिकच्या सीमेवर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. शरण आलेल्यांचे ते पूर. डब्ल्यू. एस. प्राइस हा मिशनरी तिचा चालक होता. इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते पकडी आणि सोडवलेल्या मुलामुलींना मुंबईला आणून सोडी. त्यांतील कित्येकांना शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात धाडण्यात आले. तेथे त्यांना अक्षरे शिकवली, सुतारकाम, लोहारकाम, शेती शिकवली, आणि बाप्तिस्मा दिला. ही मुले शिलुक नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. नाईलकाठचे गुलाम बहुधा उत्तरेकडे, इजिप्त आणि अरबस्तानाकडे जात. नाशिकला आलेली मुले मुख्यतः पूर्व आफ्रिकेतली, न्यासा सरोवराच्या आसपासची. त्यांत याओ जमातीची पुष्कळ होती. त्यांचे कूळ वेगळे, भाषाही वेगळी. पण त्यांना पकडून नेणारा बाजार त्याच जातीचा होता.

या मुलांची जी नावे इतिहासात उरली आहेत ती वाचावीत. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. आता मिशनऱ्यांची नावे आठवावीत. प्राइस शरणपूरचा चालक, फरार नाशिकच्या मिशनचा आद्य कार्यकर्ता, आणि आयझेनबर्ग याच सोसायटीचा मुंबईतला जर्मन मिशनरी. मुलांचे पहिले नाव बायबलातले वा इंग्रजी, आणि आडनाव पाद्र्याचे. मॅथ्यू वेलिंग्टन नावाच्या एका शरणपूरकराचे जन्मनाव आपल्याला कळते. तो याओ होता आणि आईबापांनी त्याचे नाव ठेवले होते 'चेंग्विंबे'. १९३५ मध्ये तो मोंबासाला वारला. म्हातारपणी कोणीतरी त्याची हकीकत लिहून घेतली, म्हणून ते नाव राहिले.

मी मिशनऱ्यांवर दगड भिरकावीत नाही. गलबताच्या तळाशी कोंबलेल्या मुलाला ज्याने वर काढले त्याचे ऋण मोठे आहे. आपल्या धर्ममार्तंडांनी तर पायरीवर उभ्या असलेल्या माणसालाही वर घेतले नाही. ज्या नाशिकात या परक्या मुलांना शाळा मिळाली, त्याच नाशिकात काळाराम मंदिराच्या दारासाठी आपल्या लोकांना २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला आणि तरीही दार उघडले नाही, हे मी विसरू शकत नाही. परंतु सोडवणाऱ्याने नाव का बदलावे, हा प्रश्न उरतोच. सुटका करणाऱ्याच्या वहीतसुद्धा सुटलेल्या माणसाचे स्वतःचे नाव असू नये काय?

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला आला. आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीसाठी त्याला माणसे हवी होती. शरणपूरची नऊ मुले त्याच्याबरोबर निघाली. इंग्रजी ग्रंथांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटले आहे. त्यांतले काही तोवर चांगले बाप्ये झाले होते, तरी 'बॉइज'च. आपल्या आजोबांना गावातले पोर 'ए महारा' म्हणे, त्याच शाळेतले हे व्याकरण.

जुलै १८६६ मध्ये ही मंडळी याओ मुलखातील मटाका नावाच्या सरदाराच्या गावी पोहोचली. तेथे जमलेल्या लोकांत अब्राहम नावाच्या नाशिकच्या मुलाला त्याचा मामा भेटला. लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत हा प्रसंग नोंदवला आहे. इंग्रजी शब्द मामाचा की काकाचा हे सांगत नाही. मी मामा म्हटले, कारण निरोप आईचा होता. तू गेल्यावर तुझ्या आईला आणि दोन बहिणींनाही अरबांना विकले, असे त्याने भाच्याला सांगितले आणि येथेच राहा म्हणून आग्रह केला. लिव्हिंग्स्टननेही राहायला सांगून पाहिले. पण अब्राहम राहिला नाही. जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे मी कसा राहू, अशा अर्थाचे त्याने उत्तर दिले आणि तो पुढे चालू लागला.

हा प्रसंग वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. मामा समोर उभा आहे, गाव तेच आहे, पण ज्या बायांच्या तोंडून त्याने पहिला शब्द ऐकला त्या बायाच राहिल्या नाहीत. भाषा म्हणजे तोंड, असे चोल्लो म्हणतात. अब्राहमच्या भाषेचे तोंड बाजारात विकले गेले होते. शरणपूरचे नाव घेऊन पुढे चालण्याखेरीज त्याच्यापुढे काय उरले होते?

१८७३ च्या मे महिन्यात चितांबो सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले गेले. इंग्रजी प्रार्थना वाचली ती शरणपूरच्या जेकब वेनराइटने. त्यानेच त्या झाडावर लिव्हिंग्स्टनचे नाव, ४ मे १८७३ ही तारीख आणि प्रमुख सोबत्यांची नावे कोरली. कोरणाऱ्याने स्वतःचे नाव मात्र कोरले नाही. पुढे सुसी, चुमा, वेनराइट, वेलिंग्टन आदींच्या तुकडीने ते प्रेत दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकाठी बागामोयोला आणले. यातला चुमा मुंबईला डॉ. विल्सनच्या शाळेत शिकला होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंग्स्टनचे दफन झाले, तेव्हा शवपेटीला खांदा देण्याच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. त्याने या प्रवासाची इंग्रजीत रोजनिशी ठेवली होती. १८९२ मध्ये तो आफ्रिकेतच उरांबोला वारला. एका शोधकाचे प्रेत वाहून नेले म्हणून या लोकांची नावे राहिली. ज्यांनी कोणाचे प्रेत वाहिले नाही, जी शरणपूरला सुतारकी करीत राहिली, ज्या मुली स्वयंपाक आणि शिवण करीत राहिल्या, त्यांची नावे कोठे आहेत?

१८७३ मध्येच सर बार्टल फ्रियर झांझिबारला गेला आणि तेथील सुलतानाला गुलामांचा बाजार बंद करावा लागला. हा फ्रियर पूर्वी मुंबईचा गव्हर्नर होता. त्यानंतर शरणपूरच्या आफ्रिकनांना परत नेण्याचे ठरले. प्राइस स्वतः मोंबासाला गेला आणि १८७५ मध्ये तेथे नवी वसाहत उभी राहिली. मुंबई इलाख्यातून सुमारे दीडशे आफ्रिकन तेथे व जवळच्या रबाईला गेले. तेथील लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले. म्हणजे मायदेशी परतल्यावरही नाव परक्या गावाचेच! वसाहतीला 'फ्रियरटाउन' हे गव्हर्नरचे नाव मिळाले. तेथे धोक्याची सूचना द्यायला एक घंटा टांगली होती. स्थानिक लोक त्या भागाला 'केंगेलेनी', म्हणजे घंटेची जागा, म्हणतात. लोकांच्या तोंडाने आपले नाव ठेवलेच.

आता आपल्याकडे वळू. त्याच १८७३ साली जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना त्यांनी ती अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर' हे नाव घेतले. आपली दृष्टी सातासमुद्रापार गेली याचा मला अभिमानच आहे. पण नाशिकच्या वेशीवर कित्येक वर्षे राहिलेल्या आफ्रिकन मुलांकडे आपण पाहिले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत हबशी येतो तो मलिक अंबर म्हणून किंवा जंजिऱ्याचा सिद्दी म्हणून, हातात तलवार असली तरच. हातात करवत असलेला हबशी कोणाला ठाऊक नाही.

आणि हे दुःख मला परक्याचे वाटत नाही, त्याचे कारण माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे. वडिलांना शाळेत घालायला आजोबा गेले तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारले. आजोबा म्हणाले, "आडनाव काय नसतं आमाला, मास्तर." त्याआधी काही वर्षे गावची येसकरकी आजोबांच्या पाळीला होती. मास्तरांनी क्षणभर विचार करून वहीत 'येसकर' लिहिले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, येसकराची काठी गेली, दारोदार भाकरी मागणे गेले. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, देव्हारा नदीत सोडला. पण त्या मास्तरांच्या टाकातून उतरलेली येसकरकी वडिलांच्या दाखल्यात, माझ्या पदवीत आणि आता माझ्या मुलीच्या जन्मदाखल्यात नांदते आहे. भावकीत मात्र आम्हाला कोणी येसकर म्हणत नाही. तेथे आम्ही 'राधाबायचे' आहोत. राधाबाई ही माझी पणजी. दुष्काळात तिने चार लेकरे एकटीने जगवली, म्हणून घर तिच्या नावाने ओळखले जाते. हे आमचे खरे नाव कोणत्याही सरकारी कागदावर नाही. शरणपूरच्या मुलाला वाचवणाऱ्याचे नाव चिकटले, आम्हाला राबवणाऱ्याने दिलेल्या कामाचे नाव चिकटले. दोन्हीकडे वही दुसऱ्याच्या हातात होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण वही आता माझ्याही हातात आली आहे. तीन महिन्यांनी मी वर्गात फशोड्याचे उत्तर सांगितले, चोल्लोंची हकीकत सांगितली, शरणपूरची सांगितली. मुले मन लावून ऐकत होती. त्याच आठवड्यात चाचणीचे पेपर तपासताना त्या दिंडोरीच्या मुलाचा पेपर हाती आला. त्याने लिहिले होते, "फशोड्यात चोल्लो लोक राहत व्हते." मी सवयीने 'व्हते'भोवती लाल गोल काढला. गोल पूर्ण झाल्यावर माझा हात थांबला. साऱ्या उत्तरात ते एकच वाक्य असे होते जे कोणत्याही टिपणात नव्हते, आणि मी त्यालाच चूक ठरवले होते. मी शिकत असताना माझ्या 'पानी'ला आणि 'आनि'ला एक प्राध्यापक सगळ्यांसमोर हसले होते. तोंड धुऊन ये, म्हणाले होते. त्यांचा राग मी पंधरा वर्षे जपला, आणि त्यांची लाल शाई मात्र न कळत उचलली.

प्रमाण मराठी शिकवू नये असे मी म्हणत नाही. आमच्या मुलांना अर्ज लिहायचे आहेत, मुलाखती द्यायच्या आहेत, ग्रंथ लिहायचे आहेत. ती भाषा त्यांच्या हाती आलीच पाहिजे. परंतु इतिहासाच्या पेपरात मी आता घरच्या बोलीला चूक म्हणत नाही. समासात प्रमाण रूप लिहितो, गुण कापीत नाही.

शेवटी नाशिकच्या वाचकांना आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून आफ्रिकन मुलांविषयीच्या काही आठवणी असतील, दफनभूमीतल्या दगडांवर नावे असतील, बाप्तिस्म्याच्या वह्यांत नोंदी असतील. त्या जाणत्या माणसांकडे बसून उतरवून घ्याव्यात. आणि त्याच बैठकीत आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारावे, आडनाव कोणी दिले, आणि भावकीत तुम्हाला काय म्हणतात? दोन रकान्यांची वही करावी, एकात कागदावरचे नाव आणि दुसऱ्यात तोंडचे. मी माझ्या वर्गात या वर्षापासून ती सुरू केली आहे. पहिल्या पानावर चेंग्विंबे आहे, दुसऱ्यावर राधाबाई.